फटीतली कारागिरी

सुझुकीची बर्गमन ६५० ही २००२ सालची गाडी. म्हणायला स्कूटर, इंजिन मात्र ६३८ सीसीचं, दोन सिलिंडरांचं, आणि टाकी भरली की वजन अडीचशे किलोंच्या पुढे. अमेरिकेत लोक ती घेऊन थेट हायवेला लागले. मग तिच्या पुढच्या काचेच्या वरच्या कडेशी, बाहेरच्या अंगाने, एक छोटी दुसरी काच दिसू लागली. मूळ काचेचाच वाक घेतलेली, वरच्या टोकाला किंचित पुढे कललेली. ‘लॅमिनर लिप’ हे या जातीतलं नावाजलेलं उदाहरण. गाडी उभी असताना पाहिलं तर त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही. काच तोकडी पडली म्हणून वर ठिगळ लावलंय, इतकंच वाटतं.

ठिगळ असतं तर ते मूळ काचेला चिकटून बसलं असतं. हे चिकटत नाही. दोन काचांच्या मध्ये बोटभर फट राहते, खालून वरपर्यंत मोकळी. या सगळ्या रचनेतला जीव त्या फटीत आहे, आणि रसग्रहण करायचं ते तिचंच.

आधी वाऱ्याचं गणित. ताशी ५५ किलोमीटरला समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर वाऱ्याचा दाब साधारण १४ किलो वजनाइतका पडतो. वेग दुप्पट करून ११० वर नेला, की तोच दाब चौपट होतो, म्हणजे ५७ किलोंच्या आसपास. शहरात फिरणाऱ्याला ज्याचा पत्ताही नसतो ते हायवेवर छातीवर येऊन बसतं. काच हा भार छातीवरून उचलते खरी, पण उचलून ठेवते कुठे? आपल्या वरच्या कडेवर. तिथे झोत काचेपासून सुटतो, आणि काचेमागे, चालकाच्या पोटापासून हनुवटीपर्यंत, कमी दाबाचा एक खड्डा तयार होतो.

एसटीत एखादी सीट रिकामी दिसली की चारी बाजूंनी माणसं घुसतात, तसंच या खड्ड्याचं होतं. वरून सुटलेला झोत आत वळतो, दोन्ही बाजूंचा वारा आत शिरतो, आणि चालकाच्या पाठीमागून वळून आलेली हवा त्याला चक्क पुढे ढकलते. ज्याला हे खोटं वाटेल त्याने लोकरीचे बारीक धागे चिकटपट्टीने काचेच्या आतल्या अंगाला लावून पाहावेत. विमानाच्या पंखांवर हीच जुनी चाचणी करतात. गाडी पुढे धावत असताना आतले धागे उलटे, पुढच्या दिशेला लोळताना दिसतात. शिवाय कडेवरून सुटणारे भोवरे संथपणे सुटत नाहीत, एकामागून एक, ठेक्याने सुटतात. हेल्मेट नेमकं त्यांच्या वाटेत आलं, की डोकं सतत थडथडत राहतं. हेल्मेटमधला आवाज हायवेच्या वेगाला ९० डेसिबलच्या वर जातो. दोन तासांनी उतरल्यावर मान आखडलेली आणि कानांत शिट्टी, हा अनुभव नवा नाही.

यावर सरळ उपाय म्हणजे काच उंच करणे. आपल्याकडे बजाज चेतकच्या जमान्यात हँडलवर चांगली ऐसपैस ॲक्रिलिकची काच बसवून घेणारे लोक होतेच. चेतकच्या वेगाला ते चालून जायचं. हायवेवर मात्र उंच काचेने दोन नवी दुखणी येतात. मागचा खड्डा आणखी मोठा होतो. आणि रस्ता काचेवरून बघायचा सोडून काचेतून बघावा लागतो. कोरड्या दिवशी त्याचं काही वाटत नाही. पावसात, रात्री, समोरून दिवे येत असताना प्रत्येक थेंब पेटतो आणि रस्ता दिसेनासा होतो. जुने चालक काचेची कड नाकाच्या रेषेखाली ठेवा म्हणतात, ते यासाठी.

आता फटीकडे यावं. समोरून आलेल्या हवेतली थोडी हवा या फटीत शिरते, वर वळते आणि छोट्या काचेच्या पाठीला धरून बाहेर पडते. म्हणजे जो खड्डा भरायला पाठीमागची हवा धावत येणार होती, त्यात ही आधीच पोचलेली असते. एसटीच्या खिडकीतून आगाऊ टाकलेला रुमालच म्हणा ना! जागा धरली गेली की धक्काबुक्कीचं कारण उरत नाही. वरचा मुख्य झोतही मग फटकन आत वळत नाही. आणखी थोडा वर, हेल्मेटच्या माथ्यावरून निघून जातो. प्लास्टिक वाढलं चार बोटं, आडोसा मात्र त्याहून जास्त वाढला. तो वाढीव भाग निव्वळ हवेचा बनलेला, त्यामुळे त्याच्यातून आरपार दिसतं आणि त्याच्यावर थेंब साचत नाहीत. मला या वस्तूतलं हे सगळ्यांत देखणं वाटतं.

ही कल्पना स्कूटरवाल्यांची नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅन्डली पेज आणि जर्मनीत गुस्ताव लाखमान हे दोघे स्वतंत्रपणे एकाच गोष्टीशी येऊन पोचले: विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेशी एक अरुंद फट ठेवली, तर तिच्यातून येणारी ताजी हवा पंखावरच्या थकलेल्या हवेला जोर देते, आणि पंख एरवी दगा देईल अशा कोनातही हवा त्याला धरून राहते. पुढे लाखमान हॅन्डली पेजच्याच कंपनीत रुजू झाला. स्कूटरच्या काचेवर हिशेब हुबेहूब तोच नाही, पण तत्त्वाचं नातं जवळचं आहे. शिवाय व्हेस्पाचा आराखडा करणारे कोर्रादिनो दास्कानिओ मुळात हेलिकॉप्टरचे अभियंते. स्कूटरच्या घराण्यात विमानविद्या अशी पहिल्यापासून आहे.

बसवण्याची तऱ्हाही बघण्यासारखी. मूळ काचेला भोकं पाडायची नाहीत. जोड असतो तो ‘थ्री-एम’च्या ड्युअल लॉक पट्टीचा. तिच्यावर कुत्र्याच्या छत्रीच्या आकाराचे बारीक दांडे असतात, एका प्रकारात दर चौरस इंचाला २५०. वेल्क्रोत एक बाजू आकड्यांची, दुसरी मऊ फाशांची. इथे दोन्ही बाजू सारख्याच. दाबलं की छत्र्या एकमेकींत अडकतात आणि बोटाखाली कटकट असा आवाज ऐकू येतो. पट्टीची जाडी हीच फटीचा पाया. म्हणजे धरून ठेवणारा भागच अंतरही राखतो. एकाच तुकड्याकडून दोन कामं करून घेणाऱ्याला दाद द्यायला हवी. फक्त घाई चालत नाही. काच साफ आणि कोरडी हवी, फार गार नको, आणि गोंदाला पूर्ण धरायला ७२ तास लागतात. तेवढा वेळ गाडी उभी ठेवायला भले भले तयार नसतात. ॲक्रिलिकची काच पेट्रोलने पुसणाऱ्याविषयी तर काय बोलावं. तिला तडे जाऊन जाळी पडते.

जर्मनीच्या एमआरए कंपनीने याच कामासाठी वेगळी वाट काढली: चिमट्यांनी कडेला पकडायचं आणि कोन हवा तसा बदलायचा. सोय तिच्यात जास्त. पण दांडे, सांधे, स्क्रू पाहिले की काचेला चष्मा लावल्यासारखं दिसतं, आणि सौंदर्याचा कौल मी तरी पहिल्याच्या बाजूने देईन.

दोषही सांगायला हवेत. छोट्या काचेची कड काहींच्या नजरेच्या रेषेतच येते. उंची दोन इंचांनी इकडेतिकडे झाली तरी एकाला लाभलेली रचना दुसऱ्याच्या डोक्यावर भोवरे आणून सोडते. पुढे ट्रक असला तर त्याच्या मागची घुसळलेली हवा कुठल्याही फटीला जुमानत नाही. आणि मागच्या सीटचा विचार या रचनेत झालेला नाही. चालकाच्या माथ्यावरून गेलेला झोत कुठेतरी खाली उतरणारच. बर्गमनची मागची सीट उंच, तेव्हा तो बरेचदा बायकोच्या तोंडावर उतरतो. उन्हाळ्यात टेक्सससारख्या ठिकाणी तर चालकालाच वारा हवासा होतो. त्यावर इलाज सोपा आहे: छोटी काच कडेला दोन्ही हातांनी धरून ओढायची, छत्र्या सुटतात, ती डिकीत टाकायची. मूळ काचेवर चिकटलेल्या पट्ट्या तेवढ्या राहतात, ऑक्टोबरपर्यंत.