पीक-मॉडेलमध्ये कीड येते कुठून?

पीकवाढीच्या मॉडेलला कीड कशी जोडायची, यावरचा बूट आणि सहकाऱ्यांचा १९८३चा पेपर अजूनही वाचायलाच हवा. किडीचं नाव काय, यापेक्षा ती झाडाचं काय नेते, हे त्यांनी विचारलं. अळी पान खाते, मावा अन्नरस शोषतो, काही किडी रोपच मारतात. त्यामुळे दर किडीला नवं मॉडेल लागत नाही.

वेळेचा फरकही कळतो. प्रकाश-शोषण गुणांक ०.५ धरा. पानांचं क्षेत्र जमिनीच्या ६ पटींवरून ४ पटींवर आलं, तर पिकाने अडवलेला प्रकाश ९५ टक्क्यांवरून ८६ वर येतो. ३ वरून २ वर आलं, तर ७८ वरून ६३ वर. दोन्हीकडे एक-तृतीयांश पानंच गेली!

माझा आक्षेप वापरावर आहे. डीएसएसएटीमध्ये ही पद्धत वापरताना नुकसानीचे आकडे शेतात मोजून आपणच भरतो. अळी कधी येईल, किती वाढेल, हे मॉडेल सांगत नाही. म्हणजे हा झालेल्या नुकसानीचा हिशेब झाला, किडीचा अंदाज नव्हे. तापमानावर चालणारी किडीची वाढ जोडल्याशिवाय प्रबंधाच्या शीर्षकात ‘कीड-अंदाज’ लिहू नका. आणि कुणी लिहिलं असेल, तर आधी विचारा: नुकसानीचे आकडे आले कुठून?