चित्रपटांचे पाठभेद आणि 'खऱ्या' पाठाचा प्रश्न

एकाच चित्रपटाची अनेक संस्करणे उपलब्ध असणे ही आता अपवादात्मक गोष्ट राहिलेली नाही. चित्रपटरसिक अशा प्रत्येक संस्करणास 'कट' म्हणतात. त्यांच्या वादांत तीन प्रश्न पुनःपुन्हा येतात : खरा कट कोणता, येऊ घातलेला चित्रपट आपणांस त्याच्या मूळ रूपात पाहावयास मिळेल काय, आणि अमुक समीक्षकाने दिलेला निर्णय टिकतो काय. विद्यापीठीय अभ्यासक या वादांकडे सहसा लक्ष देत नाहीत. वस्तुतः ते पाठचिकित्सेचेच वाद आहेत. मात्र पाठचिकित्सेची शिस्त त्यांना लाभलेली नाही. ती लावून पाहिल्यास 'खरा पाठ कोणता' हा प्रश्नच सदोष ठरतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

या दृष्टीने सर्वांत उद्बोधक उदाहरण रिडली स्कॉट यांच्या 'ब्लेड रनर' या चित्रपटाचे होय. तो जून १९८२ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यापूर्वीच्या चाचणीखेळांतील प्रेक्षकांचा प्रतिसाद प्रतिकूल दिसल्यामुळे त्यात नायक डेकार्ड याच्या तोंडचे पार्श्वनिवेदन घालण्यात आले व शेवट सुखान्त करण्यात आला. या शेवटातील हवाई दृश्ये तर स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'द शायनिंग'साठी केलेल्या, परंतु त्यात न वापरलेल्या चित्रणातून घेतली होती. १९९२ च्या 'डायरेक्टर्स कट'मधून निवेदन व सुखान्त शेवट हे दोन्ही गेले आणि डेकार्डला दिसणारे एकशिंगी घोड्याचे स्वप्न आले. २००७ मध्ये 'फायनल कट' निघाला. त्याच वर्षी एका संचात चित्रपटाची पाच संस्करणे एकत्र प्रसिद्ध झाली.

या फेरफारांचा अर्थावर झालेला परिणाम भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. डेकार्डचे काम मानवसदृश कृत्रिम जीवांना हुडकून ठार करण्याचे. रेचल या अशाच एका स्त्रीवर त्याचे प्रेम जडते. अखेरीस तिला घेऊन जाताना त्याला दाराशी कागदाचा एक छोटा एकशिंगी घोडा पडलेला दिसतो. तो गॅफ या पोलीस अधिकाऱ्याने केलेला आहे. १९८२ च्या पाठात या घोड्याचा अर्थ एवढाच, की गॅफ येथे येऊन गेला आणि त्याने रेचलला जिवंत सोडले. १९९२ च्या पाठात त्याच्यापूर्वी स्वप्न येऊन गेलेले असते. आता प्रश्न उठतो, की डेकार्डच्या मनातील घोडा गॅफला कसा ठाऊक? ते स्वप्न बाहेरून रोवलेले असेल, तर डेकार्ड स्वतःच कृत्रिम जीव ठरतो. शेवटाजवळचे ते दृश्य जसेच्या तसे आहे; बदलला आहे तो त्याचा पूर्वसंदर्भ. एखाद्या वाक्यातील पद न बदलता मागील वाक्य बदलावे आणि त्या पदाचा अर्थ पालटावा, तसेच हे झाले. अशा वेळी दोन संस्करणांना एकाच कृतीची बरी आणि वाईट प्रत मानणे अपुरे आहे. ते दोन भिन्न अर्थांचे पाठ आहेत.

रसिकांचा कल मात्र दिग्दर्शकाच्या नावाचा पाठ खरा मानण्याकडे असतो. येथे 'डायरेक्टर्स कट' या नावातील षष्ठी तपासली पाहिजे. 'दिग्दर्शकाचा पाठ' म्हणजे त्याने सिद्ध केलेला, त्याने इच्छिलेला, की त्याने मान्य केलेला? १९९२ चा पाठ घाईत सिद्ध झाला व तो स्कॉट यांना पूर्णपणे समाधानकारक वाटला नाही. म्हणून तर पुढे 'फायनल' पाठाची गरज पडली. षष्ठी ही अशी संदिग्ध विभक्ती असल्यामुळे जाहिरातदारास सोयीची आणि अभ्यासकास अपुरी आहे.

पाठांच्या बाबतीत कसे वागावे याचा वस्तुपाठ पुण्यातच घालून दिलेला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी निश्चित केलेल्या पद्धतीत सिद्ध केलेला पाठ वर आणि पाठभेद खाली असत. गणपती व्यासांचा लेखक झाला, ही लोकप्रिय कथा मूळ पाठातून वगळली गेली, परंतु नष्ट केली गेली नाही. ती परिशिष्टात छापली गेली. चित्रपटाची स्थिती अर्थातच निराळी आहे. त्याचे कर्ते अनेक असतात, बहुधा हयात असतात, आणि ते आपली कृती पुन्हा हाती घेऊ शकतात. परंतु निवड करावी आणि वगळलेले जपावे, हे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते.

ते मोडले म्हणजे काय होते, हे 'स्टार वॉर्स'वरून दिसते. १९७७ च्या पाठात हान सोलो हा तस्कर ग्रीडोला गोळी घालून मोकळा होतो. जॉर्ज ल्यूकस यांनी १९९७ मध्ये काढलेल्या सुधारित पाठात आधी ग्रीडो गोळी झाडतो. सोलोच्या स्वभावातील निर्ढावलेपणा त्यामुळे सौम्य होतो. या फेरफाराचा रसिकांना इतका राग यावा, हे काहींना पोरकट वाटेल. परंतु खरी तक्रार पुढची आहे : त्यानंतर दीर्घकाळ सुधारित पाठच अधिकृत म्हणून चालला आणि १९७७ चा पाठ चांगल्या अवस्थेत मिळणे दुरापास्त झाले. विशेष हे, की १९८८ मध्ये याच ल्यूकस यांनी अमेरिकन संसदेपुढे जुन्या चित्रपटांत फेरफार करण्याविरुद्ध साक्ष दिली होती. कर्त्याला नवा पाठ रचण्याचा अधिकार आहे. जुना मागे घेण्याचा अधिकार मात्र सहज मान्य करता येत नाही, कारण प्रदर्शनानंतर तो पाठ इतिहासाचा भाग झालेला असतो.

'शोले'चे उदाहरण याला पूरक आहे. रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या शेवटी ठाकूर गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आक्षेपामुळे तो बदलावा लागला आणि ऑगस्ट १९७५ मध्ये प्रदर्शित झालेल्या पाठात ऐनवेळी पोलीस येतात. मूळ शेवटासह पुनरुज्जीवित केलेली प्रत २०२५ मध्ये बोलोन्या येथील महोत्सवात दाखविली गेली. हे कार्य स्वागतार्हच आहे. तथापि, पोलिसांचा शेवट आता रद्द झाला असे कोणी मानू नये. प्रेक्षकांच्या पिढ्यांनी तोच पाहिला, आणि १९७५ मध्ये पडद्यावर काय चालत नव्हते याचा तो पुरावा आहे.

न पाहिलेल्या पाठाविषयीचे वाद आणखी सावधपणे वाचले पाहिजेत. 'जस्टिस लीग' चालू असताना झॅक स्नायडर यांनी २०१७ मध्ये काम सोडले; ते जॉस व्हीडन यांनी पुरे केले. त्यानंतर रसिकांनी 'स्नायडर कट प्रदर्शित करा' अशी चळवळ उभारली. 'प्रदर्शित करा' या क्रियापदात काहीतरी तयार आहे, असे गृहीत आहे. प्रत्यक्षात ते अपुरे होते; २०२० मध्ये नव्याने काही चित्रीकरण व तांत्रिक काम झाल्यावर मार्च २०२१ मध्ये सुमारे चार तासांचा चित्रपट आला. हरवलेला पाठ सापडला असे म्हणण्यापेक्षा प्रेक्षकांच्या आग्रहाने एक नवा पाठ सिद्ध झाला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

समीक्षकांच्या निर्णयांबद्दलचा वादही यातून काहीसा सुटतो. रॉजर ईबर्ट यांनी १९८२ मध्ये 'ब्लेड रनर'ला चारांपैकी तीन तारे दिले आणि २००७ मध्ये त्यास श्रेष्ठ चित्रपटांच्या आपल्या लेखमालेत घेतले. यावरून ते आधी चुकले होते, असा निष्कर्ष रसिक काढतात. परंतु मधल्या काळात समीक्षकाबरोबर पाठही बदलला होता. १९८२ च्या परीक्षणाचा विषय १९८२ चा पाठ. त्याला २००७ च्या पाठाच्या साक्षीने दोषी ठरविता येत नाही.

विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत चित्रपटाचे नाव व वर्ष दिले की काम भागले, असे मानले जाते. यापुढे कोणता पाठ पाहिला, तो कोणी व कोणत्या परिस्थितीत सिद्ध केला, आणि विवेचनातील दृश्य इतर पाठांत आहे की नाही, एवढे तरी नोंदविले जावे. हे न करता डेकार्ड मनुष्य आहे की कृत्रिम जीव यावर पाने भरणे म्हणजे कोणत्या पोथीतला श्लोक हे न सांगता त्याचा अर्थ लावण्यासारखे आहे.