लोहमार्ग आणि शेंकडा १६ ची वाढ : एक परीक्षण

हिंदुस्थानांत लोहमार्ग आल्यानें शेतीचें उत्पन्न किती वाढलें, या प्रश्नास डेव्ह डोनल्डसन यांनीं २०१८ सालीं 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्यें दिलेलें उत्तर शेंकडा सुमारें १६ असें आहे. १८७० ते १९३० पर्यंतचे जिल्हावार तक्ते त्यांनीं ज्या चिकाटीनें जमविले ती कोणाही दप्तरशोधकास भूषणावह होईल. आमचा वाद तक्त्यांशीं नाहीं. त्यांवरून कार्यकारणभाव काढण्याच्या रीतीशीं आहे.

रीत अशी कीं, गाडी आलेल्या जिल्ह्याच्या उत्पन्नांत पडलेला फरक घ्यावा, त्याच मुदतींत गाडी न आलेल्या जिल्ह्यांत पडलेला फरक त्यांतून वजा करावा. बाकी उरेल तें लोहमार्गाचें फल. सर्वत्र एकाच सालीं गाडी आली असती तर हें ठीक होतें. ती आली टप्प्याटप्प्यानें. त्यामुळें उशिरा गाडी मिळालेल्या जिल्ह्याची तुलना हें गणित नकळत पूर्वींच गाडी मिळालेल्या जिल्ह्याशींही करतें. आणि त्या जुन्या जिल्ह्यांत लोहमार्गाचें फल अद्याप वाढतच असेल, तर ती वाढ नव्याच्या हिशेबांतून वजा होते! गुडमन-बेकन या अर्थशास्त्रज्ञानें ही गोम २०२१ सालीं उकलून दाखविली. तेव्हां १६ हा आंकडा असमान वजनांची सरासरी असून खरें फल त्याहून अधिक असण्याचा संभव आहे. मोजणी होऊनही न बांधलेल्या मार्गांवर असें फल दिसत नाहीं, हा डोनल्डसन यांचा पुरावा मार्मिक खरा. पण त्यानें निरसन होतें तें जिल्ह्यांच्या निवडीवरील आक्षेपाचें, या आक्षेपाचें नव्हे.

दुसरी अडचण 'आगमना'च्या सालाची. पुणें-खंडाळा गाडी १८५८ त सुरू झाली; बोरघाटांतील मार्ग खुला झाला १८६३ त. मधल्या पांच वर्षांत घाट गाडीरस्त्यानेंच ओलांडावा लागे. पुण्यास लोहमार्ग केव्हां आला म्हणावें? शिवाय १८६१ पासून अमेरिकेंतील यादवीनें कापसाचे भाव भडकलेले. तेजीचें श्रेय घाटास द्यावें कीं युद्धास? आणि १८७० पासूनच्या तक्त्यांत पुण्यासारख्या जिल्ह्यास पूर्वकालच उरत नाहीं, हें निराळेंच.

ज्यांच्या संग्रहीं तळेगांव, खोपोली, पनवेल या भागांतील १८५८ ते १८६३ दरम्यानच्या अडत्यांच्या वह्या असतील, त्यांनीं धान्याचे व मिठाचे भाव महिनावार उतरून घाटावरचे व घाटाखालचे शेजारीं शेजारीं छापावे.