मुरणे आणि मुरवणे : झटपट फराळाचे व्याकरण

दिवाळी तोंडावर आली की एक वाद ठरलेला असतो. तयार पिठाचे अनारसे हे खरे अनारसे का? विकतच्या पफ पेस्ट्रीचे चिरोटे केले, तर त्यांना चिरोटे म्हणावे का? एक पक्ष ‘अस्सल’ या शब्दावर अडून बसतो, दुसरा ‘वेळ कुणाला आहे?’ असे विचारतो. पुढच्या दिवाळीला वाद पुन्हा तिथूनच सुरू होतो.

गेली काही वर्षे मी पाककृतींची जुनी-नवी पुस्तके ओळीने वाचते आहे. रांधण्यासाठी कमी, भाषेसाठी अधिक. या वाचनातून माझे एक मत बनले आहे. हा वाद जिन्नसांच्या यादीवरून सुटणार नाही. तो क्रियापदांवरून सोडवावा लागेल.

जिन्नसांची कसोटी का टिकत नाही, हे आधी पाहू. आज साठीच्या आसपास असलेल्या अनेकांच्या जिभेवर साट्याच्या करंजीची जी चव आहे, ती वनस्पती तुपाची आहे. डालडा १९३७ साली बाजारात आला. तेव्हा वनस्पती तूप म्हणजे नकली तूप, अशीच अनेकांची भावना होती. गांधीजींनी त्याविरुद्ध लिहिले आणि स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी संसदेपर्यंत पोचली. पुढे तोच डालडा साट्यात रुळला, त्याने करंजी खुसखुशीत होते म्हणून वाखाणला गेला आणि आता ‘आजीच्या हातची चव’ या सदरात जाऊन बसला आहे. साट्यातल्या तांदळाच्या पिठीची जागा कॉर्नफ्लोअरने घेतली, तीही अशीच गाजावाजा न होता.

इतकेच काय, छापील पाककृती ही स्वतःच एक जवळची वाट होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० सालची. सासूच्या किंवा आईच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे जे शिकायचे, ते या पुस्तकांनी पानात आणले. वेगळे बिऱ्हाड थाटणाऱ्या मुलीला ‘रुचिरा’ आधार वाटली, ती त्यामुळेच. जी परंपरा आपण राखू पाहतो, तिच्यात आधीच्या पिढ्यांच्या सोयी अशा मिसळून गेलेल्या आहेत.

आता क्रियापदांकडे वळू. अनारशाची रूढ कृती अशी : तांदूळ तीन दिवस भिजवावेत, रोज पाणी बदलावे, फडक्यावर पसरून सावलीत सुकवावेत, ओलसर असतानाच कुटून चाळावेत, गूळ किंवा साखर मिसळून गोळे करावेत आणि ते काही दिवस मुरू द्यावेत. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता तुपात तळावेत. यातली क्रियापदे दोन गटांत पडतात. कुटणे, चाळणे, थापणे ही सकर्मक. ती करायला कुणीतरी लागते. भिजणे, आंबणे, मुरणे ही अकर्मक. ती तांदूळ आणि पीठ आपली आपण करतात. बाई तांदूळ भिजवते, पण भिजतात ते तांदूळच. आणि पीठ सैल झाले तर तुपात अनारसा ‘हसतो’, म्हणजे पसरून विरतो. हेही अकर्मक क्रियापद, आणि कर्ता अनारसाच.

माझे म्हणणे एवढेच : झटपट कृतीतून सकर्मक क्रियापद गळले, तर पदार्थाचे फारसे बिघडत नाही. उखळाऐवजी मिक्सर आला म्हणून अनारसा बदलला नाही. पण अकर्मक क्रियापद गळले, तर पदार्थ वेगळा होतो. कोरड्या तांदळाच्या पिठीत दूध पावडर आणि पिठीसाखर कालवून तासाभरात तळलेली खसखशीची पुरी गोड लागेल, आवडेलही. पण तिच्यात काही भिजलेले नाही आणि मुरलेले नाही. तीन दिवसांत तांदूळ हलके आंबतात, त्यांचा दाणा मऊ होतो. गुळात मुरताना पीठ ओलावा धरते. तुपात पडल्यावर गोडवा वितळतो, वाफ वाट काढते आणि जाळी पडते. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देतात, तेही अनारसा जाळीदार म्हणून. धर्मानेसुद्धा इथे जिन्नस पाहिलेला नाही, जाळी पाहिली आहे.

ही कसोटी आपल्या सीमेबाहेरही लावून पाहता येते. तमिळनाडूचे अधिरसम आणि आंध्रातले अरिसेलु हे अनारशाचेच भाऊबंद. तिथे तांदूळ काही तास किंवा रात्रभर भिजवतात आणि ओली पिठी गुळाच्या पाकात घालतात. तीन दिवसांच्या शिस्तीत वाढलेल्या मराठी सुगरणीला हा आळस वाटेल. पण अधिरसमचे पीठही मुरवतात. एकाची परंपरा शेजाऱ्याला आडवाट वाटते, ती दिवस मोजले म्हणून. मुरणे पाहिले, तर दोघेही एकाच घरातले ठरतात.

चिरोट्याचा निकाल कर्मठांना रुचणार नाही. पोळ्यांवर साटा फासणे, त्या एकावर एक ठेवून गुंडाळणे, कापणे, लाटणे ही सगळी हाताची कामे. चिरोट्याचे अकर्मक क्रियापद एकच : पदर सुटणे. परदेशातल्या मराठी घरांत गोठवलेली पफ पेस्ट्री गुंडाळून, कापून, तळून चिरोटे होतात. तिथेही दोन थरांमध्ये स्निग्धांश असतो आणि पदर सुटतात. चवीबद्दल तक्रार करता येईल, नावाबद्दल नाही.

उलट, वाफवलेल्या मैद्याची चकली पाहा. भाजणी गेली, म्हणजे धान्यांचे खरपूस होणे गेले. पण ती ‘मैद्याची चकली’ या नावानेच ताटात येते. भाजणीची असल्याचा आव आणत नाही. माझा आक्षेप झटपट पदार्थाला नाही. ‘पारंपरिक अनारसे, अर्ध्या तासात’ या वाक्याला आहे.

पण या वादात खरोखर पणाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि तीही व्याकरणातच दडलेली आहे. ‘तांदूळ भिजवावेत’, ‘पीठ चाळावे’ : पाककृतीची वाक्ये विध्यर्थी, कर्मणी. कर्ता कुठेच नाही. कुणी भिजवावेत, हे पुस्तकाला सांगावे लागत नाही, कारण ते सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. ‘अस्सल’चा आग्रह धरणारेही याच व्याकरणात बोलतात. त्यांना तीन दिवस हवे असतात. ते कुणाचे, हा प्रश्न त्यांच्या वाक्यात बसत नाही.

तयार अनारसे पिठाकडे या बाजूने पाहिले, तर दोन्ही पक्ष चुकतात. ती पिशवी म्हणजे लबाडी नव्हे. पीठ रीतसर केलेले असेल, तर त्यात भिजणे आहे, आंबणे आहे, मुरणे आहे. आणि तो शॉर्टकटही नव्हे. आपल्या स्वयंपाकघरातून निघालेले तीन दिवस दुसऱ्या कुणा बाईच्या गच्चीवर फडक्यावर वाळत पडलेले असतात. बचत गटातली किंवा चाळीतल्या घरगुती उद्योगातली ती बाई वाक्यात पुन्हा येत नाही. पिशवीवर ‘घरगुती’ एवढाच शब्द असतो. बदलला तो फक्त कर्ता, आणि तो पूर्वीइतकाच अदृश्य. त्या पिठाला ‘महाग’ म्हणणाऱ्याने आधी सगळी सकर्मक क्रियापदे मोजावीत.

माझ्या कसोटीलाही मर्यादा आहे. हातात केवळ कष्ट नसतात, पारखही असते. ‘ओलसर असतानाच कुटावेत’ यातला ओलसर म्हणजे किती, हे कुटणाऱ्या हाताला कळते. यंत्र आले की ती पारख बोलून दाखवावी लागते, नाही तर जाते. उखळ गेल्याचे दुःख मला नाही. पारख लिहून न ठेवता उखळ गेले, याचे आहे. पिठाचा गोळा कितपत सैल झाला की अनारसा हसेल आणि मग पिठीची किती चिमूट सावरून घेईल, हे सांगणाऱ्या बायका अजून आहेत. ‘अस्सल काय’ हे त्यांना विचारण्यापेक्षा ‘कसे ओळखता’ हे विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत, त्यांना कर्ता ठेवून, लिहून घ्यावे.