अलर्ट कमी झाले, पण नेमके कुठले?

पीएचडीचा प्रस्ताव लिहिताना मी केलेली एक चूक आधी सांगते, म्हणजे तुमची वाचेल. माझा विषय आहे मनी लाँडरिंगचे व्यवहार हुडकणारी बँकांची सॉफ्टवेअर. पहिल्याच पानावर मी ठोकून दिलं होतं: मशीन लर्निंगमुळे 'फॉल्स पॉझिटिव्ह', म्हणजे निर्दोष व्यवहारांवर वाजणारे अलर्ट, निम्म्याहून कमी होतात. आधार काय, तर युरोपातल्या बँकांना असं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीचा 'व्हाइट पेपर'. सरांनी त्याखाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं, "कमी झालेले सगळे खोटेच होते, हे कोणी तपासलं?"

मी पेपर पुन्हा वाचला. उत्तर त्यात नव्हतंच.

हे व्हाइट पेपर दिसायला शोधनिबंधासारखे असतात. सुरुवातीला सारांश, मध्ये आलेख, शेवटी 'केस स्टडी'. पण केस स्टडीतली बँक बहुतेकदा 'युरोपातील एक अग्रगण्य बँक' एवढीच असते. कुठला कालावधी, किती व्यवहार, तुलना कशाशी, हे शोधत बसा. आपण मात्र 'लिटरेचर रिव्ह्यू'च्या भरात ती टक्केवारी उचलतो आणि कंसात साल टाकून मोकळे होतो. कागदाची मांडणी बघून आपण फसतो, हा खरा धोका.

आता जरा आकडेमोड करू. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या बँकेचे नाहीत. समजा १० लाख व्यवहार आहेत आणि त्यातले १०० खरोखर काळे. सॉफ्टवेअर १०० पैकी ९० पकडतं आणि उरलेल्या निर्दोष व्यवहारांपैकी फक्त १ टक्क्यावर चुकून अलर्ट देतं. ऐकायला उत्तम! पण तो १ टक्का म्हणजे ९,९९९ व्यवहार. एकूण अलर्ट १०,०८९ आणि त्यात खरे ९०, म्हणजे शंभरात एकही धड नाही. फॉल्स पॉझिटिव्ह प्रचंड असणं हा सॉफ्टवेअरचा मूर्खपणाच असतो असं नाही. गुन्हा दुर्मीळ असला की गणितच तसं येतं.

आता नवी प्रणाली आली आणि अलर्ट ४,००० वर आले. जाहिरात म्हणेल, साठ टक्के घट. पण या ४,००० मध्ये ते ९० अजून आहेत, की ५० च उरलेत? दोन्ही वेळा जाहिरातीतला आकडा तोच येतो. क्रेडिट कार्डाच्या फसवणुकीत निदान ग्राहक बँकेला फोन करून ओरडतो, त्यामुळे काय निसटलं ते कळतं. मनी लाँडरिंगमध्ये दोन्ही बाजू खूश असतात. फोन कोण करणार?

अलर्ट कमी असणं धोक्याचं कसं ठरतं, हे नेदरलँड्सच्या आयएनजी बँकेच्या प्रकरणात दिसतं. २०१८ मध्ये या बँकेने सरकारी वकिलांशी तडजोड करून ७७.५ कोटी युरो भरले. तपासात निघालेली एक गोष्ट अशी की अलर्टची संख्या जोखमीवरून न ठरवता, ते तपासायला माणसं किती आहेत यावरून मर्यादित ठेवली होती. म्हणजे अलर्ट कमी करायला मशीन लर्निंगही लागत नाही. मर्यादा घातली की झालं.

दुसरा प्रश्न मॉडेल शिकतं कशावरून याचा. डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात परदेशी ग्राहकांचे सुमारे २०० अब्ज युरो गेले आणि त्यातला मोठा भाग संशयास्पद असल्याचं २०१८ च्या चौकशी अहवालाने म्हटलं. या शाखेची संगणक प्रणाली मुख्य बँकेपासून वेगळी होती. आता विचार करा, त्या वर्षांचा डेटा, तेव्हाच्या शेऱ्यांसकट, एखाद्या मॉडेलला दिला तर ते काय शिकेल? ज्यावर अलर्टच आला नाही, ते सगळं त्याला स्वच्छ दिसेल. अलर्ट आला तरी तपासणाऱ्याने तो घाईत 'बंद' केला, की मॉडेलसाठी तोही निर्दोष. परदेशी बँकांचं हे तपासणीचं काम पुण्या-मुंबईतही चालतं. तुमच्या ओळखीत कोणी 'एएमएल'मध्ये असेल तर एका अलर्टला किती वेळ मिळतो ते विचारा. मॉडेलचं 'सत्य' तिथे तयार होतं.

म्हणून सगळी नवी सॉफ्टवेअर भंपक, असं मी म्हणत नाही. खोट्या अलर्टमुळे निष्पाप माणसाचं खातं अडकतं, पगार अडकतो. ते कमी करणं गरजेचंच आहे. नेदरलँड्समधल्याच बंक या बँकेने आपल्या डेटा-आधारित पद्धतींवरून थेट मध्यवर्ती बँकेशी कोर्टात भांडण केलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये बऱ्याच मुद्द्यांवर निकाल तिच्या बाजूने लागला. पण पद्धत कायद्यात बसते की नाही आणि तिने गुन्हे जास्त पकडले की नाही, हे दोन वेगळे प्रश्न. दंडाच्या भीतीने खरेदी करणाऱ्या बँकेला बऱ्याचदा पहिल्याचं उत्तर पुरतं. संशोधकाला नाही पुरत.

शिवाय अलर्ट म्हणजे शेवट नव्हे. युरोपोलच्या २०१७ च्या अहवालानुसार युरोपात बँका आणि इतर संस्थांकडून जाणाऱ्या संशयास्पद व्यवहारांच्या अहवालांपैकी जेमतेम १० टक्क्यांवर पुढे तपास होतो. सॉफ्टवेअरचं यश मोजायचं ते अलर्टवर, अहवालावर की शिक्षेवर, हे पेपरने सांगितलंय का ते बघा.

तेव्हा असा पेपर हाती आला की एवढं विचारा:

१. घट कशाच्या तुलनेत? जुनी प्रणाली मुळातच वाईट लावलेली होती का?
२. अलर्ट न आलेल्या व्यवहारांचा नमुना काढून कोणी तपासला का?
३. 'खरा' आणि 'खोटा' हे शिक्के कोणी मारले?
४. आकडा छापणाऱ्याचा त्यात फायदा आहे का?

चौथ्याचं उत्तर 'हो' आलं तरी पेपर फेकू नका. विक्रेते काय मोजतात आणि काय मोजत नाहीत, याचा पुरावा म्हणून तो उत्तम आहे. माझा तो व्हाइट पेपर प्रस्तावात अजून आहे, फक्त 'निष्कर्षां'तून उचलून 'डेटा'त ठेवलाय. आणि सरांचा पेन्सिलीतला प्रश्न आता माझ्या प्रबंधाचा दुसरा संशोधन-प्रश्न आहे.