‘संदर्भ’, ‘प्रमाण’ की ‘उपमान’?

‘रेफरन्स व्होल्टेज’ या संज्ञेला ‘संदर्भ व्होल्टेज’ हा मराठी प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु तो वाचकाला भलत्याच वाटेने नेतो. संदर्भ म्हणजे मागचेपुढचे अनुसंधान. ते विधानाचा अर्थ लावण्यास साहाय्य करते. त्याचे परिमाण ठरवीत नाही. अ‍ॅनालॉग-डिजिटल परिवर्तकातील हे व्होल्टेज मात्र मापनाचा निम्मा भागच असते. परिवर्तकातून निघणारा आकडा हे मोजावयाच्या व्होल्टेजचे या व्होल्टेजशी असलेले गुणोत्तर होय. त्याहून अधिक काही नाही. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर एक उपमेय, दुसरे उपमान.

२४ बिटांच्या परिवर्तकात २.५ व्होल्टच्या उपमानाचे १,६७,७७,२१६ भाग पडतात व एक पायरी सुमारे ०.१५ मायक्रोव्होल्टची होते. आता तापमानाच्या दर अंश सेल्सिअसला दशलक्षात एक भाग सरकणारे, म्हणजे चांगल्यापैकी समजले जाणारे उपमान घेतले, तरी एका अंशाच्या फरकाने ते २.५ मायक्रोव्होल्टने हलते. मापनाच्या वरच्या टोकाशी ही सोळा-सतरा पायऱ्यांची चूक झाली! ‘विभेदन’ आणि ‘अचूकता’ हे शब्द समानार्थी मानण्याची सवय येथे महागात पडते. बिटांची संख्या पहिल्याविषयी बोलते. दुसऱ्याविषयी ती मौन पाळते.

उपमान लहान घेतले की पायरी बारीक होते, हा युक्तिवादही अर्धवटच. पायरी बारीक होते खरी. पण परिवर्तकाचा अंगभूत नॉइज त्या मानाने घटत नाही, आणि अखेरचे बिट केवळ नॉइजच मोजीत बसतात. ४.०९६ व्होल्ट या आकड्याची लोकप्रियता १२ बिटांच्या हिशेबातून आली. तेथे एक पायरी बरोबर १ मिलिव्होल्टची होते. २४ बिटांत ती ०.२४४ मायक्रोव्होल्टच्या आसपास येते व ती सोय संपते. ‘ऋ’चा मूळ उच्चार गेला, लेखन मात्र राहिले, त्यातलाच हा प्रकार. अर्थात ५ व्होल्टच्या पुरवठ्याखाली सुमारे ०.९ व्होल्टची मोकळीक राहते, हा त्याचा गुण अद्याप खराच आहे.

‘संदर्भ’ टाळून ‘प्रमाण’ म्हणावे, असे कोणी सुचवील. वजनकाट्यातील लोडसेल हे त्याला उत्तर आहे. दर व्होल्टला २ मिलिव्होल्ट देणाऱ्या लोडसेलला ५ व्होल्ट पुरविले, तर पूर्ण भाराला १० मिलिव्होल्ट मिळतात. तेच ५ व्होल्ट परिवर्तकाला उपमान म्हणून दिले, तर पुरवठा थोडा वरखाली झाला तरी उपमेय व उपमान एकाच प्रमाणात बदलतात आणि गुणोत्तर अबाधित राहते. अशा ठिकाणी स्वतंत्र, महागडे, अतिस्थिर व्होल्टेज बसविणे हा अपव्यय तर आहेच, शिवाय पुरवठ्यातील जो दोष आपोआप नाहीसा होत होता तो त्यामुळे मापनात परत येतो. ‘प्रमाण’ हा शब्द डोक्यात असणारा विद्यार्थी नेमकी हीच निवड करील.

व्होल्टच सांगावयाचा असतो अशा अचूक व्होल्टमापकात ‘प्रमाण’ हा शब्द शोभतो. तेथे सिलिकॉनच्या पृष्ठभागाखाली पुरलेला, सुमारे ७ व्होल्टचा झेनर एका ठरावीक उबेत राखून वापरतात. आणि त्याचेही मूल्य अखेर जोसेफसन परिणामावर आधारलेल्या मानकाशी ताडून पाहावे लागते.