तिजोरी दोन मिनिटांत, मग निवांत मासिक

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी 'शुअरली यू आर जोकिंग, मिस्टर फाइनमन!' वाचलं आणि त्या सेमिस्टरला माझे दोन विषय राहिले. दोष पुस्तकाचा नाही. पण जीनियस म्हणजे अवलिया, असं डोक्यात बसलं होतं. फाइनमन बाँगो वाजवायचा. माझ्याकडे बाँगो नव्हता, म्हणून मी लेक्चरं बुडवून मेसचं टेबल बडवायचो.

परवा पुन्हा वाचलं, तेव्हा लॉस अलामोसच्या तिजोऱ्यांच्या प्रकरणात अडकलो. अणुबॉम्बची गुपितं ठेवलेल्या तिजोऱ्या हा माणूस चुटकीसरशी उघडायचा, एवढंच मला आठवत होतं. खरी गोष्ट चुटकीसरशी वगैरे अजिबात नाही. सहकाऱ्याची तिजोरी उघडी असली की गप्पा मारता मारता तो तिच्या डायलशी चाळा करायचा आणि शेवटचे दोन आकडे काढून घ्यायचा. मग ऑफिसात जाऊन लिहून ठेवायचा. डायलवर 100 आकडे, पण दोन आकडे इकडेतिकडे झाले तरी कुलूप उघडायचं. म्हणजे पहिल्या आकड्यासाठी फक्त 20 प्रयत्न! आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा डेटा आधीच गोळा केलेला, शेवटी नुसता छोटा लूप चालवायचा.

आणि पुढची ओळ मी तेव्हा वाचलीच नव्हती बहुतेक. तिजोरी दोन मिनिटांत उघडली तरी तो दार लावून आत मासिक वाचत बसायचा. फार सोपं वाटलं तर लोकांना युक्ती कळेल ना!

1985 साली आलेलं हे अख्खं पुस्तक मला आता तसंच वाटतं. बाँगोवाला मित्र राल्फ लेटन याने टेप केलेल्या या गप्पा आहेत. त्यात मासिक वाचणारा फाइनमन भरपूर भेटतो, चिकाटीने आकडे टिपणारा मात्र शोधावा लागतो. ज्या कामासाठी 1965 चं नोबेल मिळालं, ते तर कोपऱ्यातच. त्याच्यासोबत कॅलटेकमध्ये काम केलेल्या मरे गेल-मान यांनी त्याच्या मृत्यूनंतर लिहिलं होतं, की स्वतःबद्दलचे किस्से तयार करण्यात त्याने बराच वेळ आणि शक्ती घालवली. तेव्हा मला हे जळकुकडेपणाचं वाटलं असतं.

तरीही हातातून खाली ठेववत नाही, हे कबूल. म्हणून बारावीतल्या बहिणीला दिलं. ती बारमधल्या प्रकरणाशी थांबली. बायकांशी उर्मटपणे वागलं की काम होतं, हा धडा तिथे मजेमजेत येतो. पुढे तो म्हणतो की ती पद्धत त्याने नंतर वापरली नाही, असं मी तिला सांगितलं.

"मग दादा, इतकं रंगवून सांगितलं कशाला?"